उडीनंतरचा खटला



मार्सेलिसची उडी नाशकात येऊन सांगायची म्हणजे गोदावरीला पाणी घालायचं. म्हणून उडी मी दोन मिनिटांत उरकणार आहे. मला बोलायचं आहे ते त्या उडीनंतर साडेसात महिने चाललेल्या कज्ज्याविषयी. त्या कज्ज्याला नाव सावरकरांचं, पण पक्षकार म्हणून सावरकर त्यात कुठेच नव्हते. खुनाचा संशयित एका सत्तेच्या हद्दीतून दुसऱ्या सत्तेच्या हद्दीत गेला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न तिथे दोन साम्राज्यांनी आपसात सोडवला. कसा सोडवला, ते बघण्यासारखं आहे.

एक खुलासा आधीच करतो. पुढच्या काळातल्या सावरकरांविषयी इथे प्रत्येकाचं काही ना काही मत असणार. माझंही आहे. ते आज खिशातच राहू द्या. आजचे सावरकर सत्तावीस वर्षांचे आहेत, कायद्याचा अभ्यास पुरा होऊनही ग्रेज इननं बॅरिस्टरीची सनद अडवून धरलेले आणि खुनाला साहाय्य केल्याचा आरोप असलेले एक कैदी आहेत.

खून कुठला, हे तुम्हाला सांगायला नको. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, ‘शारदा’चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि नाटक त्यांच्या निरोपाचं होतं. अनंत कान्हेरे यानं गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना पंडित म्हणत. त्यांनी जमवलेली लोककथांची टिपणं पुढे एन्थोवेन यांनी छापली. विनायक सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्यावरचा राजद्रोहाचा खटला उभा राहिला तोही याच जॅक्सन यांच्या अमलात, आणि त्याचा शेवट काळ्या पाण्यात झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी गाळण्याची खोड आपल्याकडे दोन्ही बाजूंना आहे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

खुनाच्या दिवशी विनायक सावरकर इथून हजारो मैल दूर होते. १९०६ च्या जूनमध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला तो सोडलाच. त्यांच्यावरचा आरोप पिस्तुलांचा होता. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी म्हणून राहिलेला चतुर्भुज अमीन वीस ब्राउनिंग पिस्तुलं ट्रंकेच्या चोरकप्प्यातून घेऊन आला होता आणि पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. जॅक्सन यांच्यावर झाडलेल्या गोळ्या त्याच खेपेतल्या पिस्तुलाच्या, असं सरकारचं म्हणणं. सावरकर जानेवारी १९१० मध्ये पॅरिसला गेले होते. तिथेच राहिले असते तर ही सगळी हकिकत वेगळी झाली असती. १३ मार्चला ते परत लंडनला आले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर धरले गेले.

आता इथे जरा थांबू. इंग्लंडात तेव्हा माणूस बाहेर पाठवण्याचे दोन कायदे होते. एक १८७० चा. दुसऱ्या देशानं आरोपी मागितला तर तो या कायद्याखाली द्यायचा. त्यात एक महत्त्वाचं कलम होतं: गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल तर माणूस द्यायचा नाही. दुसरा १८८१ चा, ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पळालेल्या आरोपींसाठीचा. त्यात राजकीय गुन्ह्याला सूट नव्हती. का असावी? राजा एक, साम्राज्य एक. एकाच घराच्या माजघरातून ओसरीवर माणूस न्यायचा तर त्यात आसरा कोणी कोणाला द्यायचा, असा तो विचार. सावरकर ब्रिटिश प्रजाजन. त्यांना दुसरा कायदा लागला.

या कायद्यात एक फट होती, ती मात्र सांगायला हवी. कलम १० प्रमाणे, अंतर, दळणवळण आणि एकूण परिस्थिती पाहता माणूस परत पाठवणं अन्यायाचं किंवा जुलमाचं ठरेल असं न्यायालयाला वाटलं, तर त्याला सोडता येत असे. सावरकरांच्या वकिलांनी ही फट रुंद करण्याचा प्रयत्न केला. हिंदुस्थानात यांना ज्यूरी मिळणार नाही, १९०८ च्या नव्या कायद्याखाली तीन न्यायाधीशांचं खास मंडळ बसेल, वर अपील नाही. त्यापेक्षा जे इंग्लंडात केलं म्हणता त्याचा खटला इंग्लंडातच चालवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. आरोपांच्या यादीत राजाविरुद्ध युद्ध होतं, शस्त्रं पुरवणं होतं, जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य होतं आणि १९०६ साली हिंदुस्थानात केलेली भाषणंही होती. ती चार वर्षांपूर्वीची भाषणं यादीत कशाला, असा प्रश्न पडेल. माणूस ‘तिथून पळाला’ असं म्हणायचं तर तिथे आधी काहीतरी घडलेलं हवं. भाषणांमुळे तो धागा जुळला. मे महिन्यात बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटनं पाठवणीचा हुकूम दिला, आणि जूनमध्ये वरच्या न्यायालयानं हेबियस कॉर्पसचा अर्ज फेटाळला.

त्याच लंडनचा आधीचा पन्नास वर्षांचा इतिहास यासमोर ठेवून पाहा. १४ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये ऑर्सिनी नावाच्या इटालियनानं तिसऱ्या नेपोलियनच्या बग्गीवर बाँब टाकले. सम्राट वाचला, रस्त्यावरची माणसं मेली. बाँब बर्मिंगहॅममध्ये घडवलेले आणि कट लंडनात शिजलेला. फ्रान्स खवळला. पामर्स्टननं फ्रान्सची समजूत काढायला एक विधेयक आणलं. परदेशातल्या खुनाचा कट इंग्लंडात करणाऱ्याला जबर शिक्षा व्हावी, असं. पार्लमेंटनं ते हाणून पाडलं आणि पामर्स्टनचं सरकारच गेलं. परकी सम्राटाच्या धाकानं आम्ही कायदे करायचे का, हा त्या वेळचा सूर. मग सिमॉन बर्नार या फ्रेंच निर्वासितावर त्या कटात साहाय्य केल्याबद्दल, म्हणजे खुनाच्या साहाय्याबद्दलच, लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला. ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं आणि बाहेर लोकांनी जल्लोष केला. ऑर्सिनी एके काळी मॅझिनीच्या गोटातला. त्या मॅझिनीला लंडननं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं, आणि त्याच लंडनात बसून सावरकरांनी त्याचं आत्मचरित्र मराठीत उतरवलं. इंग्रजांचा हा इतिहास सावरकरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तो वाचूनच ते तिथे गेले होते.

दुसरं प्रकरण १८९० चं, आणि मला ते अधिक बोलकं वाटतं. स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागात बंड झालं. बेलिंझोनाच्या सरकारी वाड्यात बंडखोर घुसले आणि कास्तिओनी नावाच्या माणसानं रॉसी या सरकारी सभासदाला गोळी घातली. कास्तिओनी लंडनला पळाला. स्वित्झर्लंडनं त्याला मागितलं. इंग्लिश न्यायालयानं सांगितलं की हा खून राजकीय उठावाचा भाग होता, माणूस मिळणार नाही. त्या न्यायपीठावर एक न्यायमूर्ती होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे नाव आपल्या ओळखीचं असायला हवं. व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदामंत्री तेच, १८७२ चा पुराव्याचा कायदा त्यांचाच, आणि १८७० मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचं १२४-अ कलम घातलं तेही त्यांनीच. टिळकांना दोनदा तुरुंगात धाडणारं कलम ज्यानं लिहिलं, त्यानंच कास्तिओनीला मोकळं करणारा निकषही घडवला.

यात ढोंग होतं असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. मी तेवढ्यावर थांबणार नाही. स्टीफन यांचा निकष बराच कडक होता: चालू असलेल्या राजकीय झगड्यातच ते कृत्य घडलेलं हवं. १८९४ मध्ये मूनिए नावाच्या फ्रेंच अराजकवाद्याला हाच निकष लावून इंग्लंडनं फ्रान्सच्या हवाली केलं. सत्तेसाठी झगडणारे दोन पक्ष इथे नाहीत, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा सावरकरांना १८७० चा कायदा लागला असता तरी ते सुटलेच असते, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. नाटकगृहातला खून हा उठावाचा भाग की नुसता खून, यावर जोरदार वाद झाला असता. माझं म्हणणं एवढंच की तो वाद व्हायला हवा होता. कास्तिओनीला तो करता आला, मूनिएला करून हरता आला. सावरकरांच्या वाट्याला जो कायदा आला त्यात त्या प्रश्नाला जागाच ठेवलेली नव्हती. कास्तिओनी परका होता हे त्याचं भाग्य. सावरकर राजाचे स्वतःचे प्रजाजन ठरले.

आता ती दोन मिनिटं.

१ जुलै १९१० रोजी टिलबरीहून ‘मोरिया’ सुटली. कैद्याबरोबर स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पार्कर, मुंबई पोलिसांचा पॉवर आणि हिंदी शिपाई. ७ तारखेच्या संध्याकाळी बोट मार्सेलिसला लागली. ८ तारखेच्या सकाळी सावरकर शौचकूपाच्या गोल खिडकीतून बाहेर पडले, धक्क्यावर पोहोचले आणि धावत सुटले. मागून आरडाओरडा झाला. बंदरावरच्या पोलिसांतल्या पेस्किए नावाच्या हवालदारानं त्यांना पकडलं आणि बोटीवरून धावत आलेल्या शिपायांच्या मदतीनं परत बोटीवर पोहोचवलं. चित्रात सागर अफाट असतो आणि लाटा उंच. कायद्याच्या दृष्टीनं त्या लाटांना काही किंमत नाही. सगळा खटला उभा आहे तो धक्क्यावर टाकलेल्या पावलांवर, कारण ती जमीन फ्रान्सची होती. तिथे ब्रिटिश पोलिसाला साध्या प्रवाशाचाही हात धरण्याचा हक्क नव्हता. फ्रान्सकडून माणूस हवा असेल तर १८७६ चा प्रत्यर्पणाचा तह होता. तहाप्रमाणे मागणी करायची, कागद द्यायचे, फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते तपासायचे. आणि त्या तहातही राजकीय गुन्ह्याची सूट होती. म्हणजे लंडनमध्ये सावरकरांना जे दार बंद होतं, ते मार्सेलिसच्या धक्क्यावर काही मिनिटं उघडं झालं होतं.

९ जुलैला ‘मोरिया’ पुढे निघाली. पॅरिसमध्ये मादाम कामा आणि सरदारसिंह राणा धावपळीला लागले. कार्ल मार्क्सचा नातू झां लाँगे यानं ‘ल्युमानिते’तून हा विषय लावून धरला. समाजवादी मंडळींनी सरकारला विचारलं, आपल्या भूमीवर आलेला माणूस कुणाच्या हुकमानं परत दिला? फ्रान्सनं सावरकरांना परत मागितलं. इंग्लंडनं नाही म्हटलं. १९०४ पासून दोन्ही देशांत दोस्ती होती आणि पलीकडे जर्मनी टपून होता. एका हिंदी कैद्यापायी ती दोस्ती मोडायची कुणाचीच इच्छा नव्हती. २५ ऑक्टोबर १९१० रोजी करार झाला, वाद हेगच्या लवादापुढे न्यायचा. लवादाला विचारलेला प्रश्न एकच: आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे सावरकरांना फ्रान्सकडे परत द्यावं की नाही?

तोवर कैदी मुंबईत पोहोचला होता. इथे दोन घड्याळं एकदम चालू झाली. हेगचं घड्याळ सावकाश होतं, मुंबईचं वेगानं पळत होतं. सर बेसिल स्कॉट, नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन या तिघांच्या खास मंडळापुढे नाशिक कटाचा खटला उभा राहिला. बचावाला जोसेफ बॅप्टिस्टा. मला बेकायदा पकडून आणलं आहे, तुम्हाला माझा खटला चालवण्याचा अधिकार नाही, हा आक्षेप घेतला गेला. न्यायालयानं तो मानला नाही. इंग्लिश कायद्यात ही वाट जुनी आहे. १८२९ मध्ये सुझाना स्कॉट नावाच्या बाईला इंग्रज अधिकाऱ्यानं ब्रसेल्समध्ये पकडून आणलं, तेव्हाही न्यायालय म्हणालं होतं की आरोपी समोर उभा आहे, तो कसा आणला हे आम्ही पाहणार नाही. डिसेंबर १९१० च्या अखेरीला पहिली जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त. ३० जानेवारी १९११ ला जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी. दोन्ही एकामागून एक भोगायच्या, मिळून पन्नास वर्षं.

हेगची सुनावणी अजून सुरूही झालेली नव्हती!

ती सुरू झाली फेब्रुवारीच्या मध्यात. पाच लवाद बसले. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, फ्रान्सचे लुई रनो, ब्रिटनचे लॉर्ड डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि नेदरलँड्सचे साव्होर्निन लोमान. बेर्नार्ट आणि रनो यांना शांततेचं नोबेल मिळालेलं होतं. मोठी माणसं, यात वाद नाही. पण पाचांपैकी चार जण वसाहती बाळगणाऱ्या देशांतले होते आणि ज्या दोन देशांचा वाद, त्यांचाच एकेक माणूस आसनावर होता. सावरकरांना वकील नव्हता, लेखी म्हणणं मांडायला जागा नव्हती. त्या काळच्या कायद्यात माणसाला तिथे उभंच राहता येत नसे. उभी राहत ती राज्यं.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. तो छोटा आहे, आणि एका बैठकीत वाचून होतो. मराठी वकिलांनी तो जरूर वाचावा, असं मी नेहमी सांगतो. लवादानं आधी घटनाक्रम मांडला, आणि त्यातच निकाल दडलेला आहे. २९ जूनलाच लंडनच्या पोलिसप्रमुखानं पॅरिसच्या पोलिसप्रमुखाला पत्र लिहून कळवलं होतं की खुनाच्या साहाय्याचा आरोप असलेला हा माणूस ‘मोरिया’वरून जात आहे आणि बोट मार्सेलिसला थांबेल. ४ जुलैला फ्रेंच गृहमंत्र्यांनी तिथल्या प्रिफेक्टला तार केली, युरोपातले हिंदी क्रांतिकारक त्याला सोडवायला येतील, बंदोबस्त ठेवा. तिकीट नसलेला कुणीही हिंदी माणूस बोटीवर चढू द्यायचा नाही, असा बंदरावरच्या पोलिसांना हुकूम होता. सगळा पहारा बाहेरून आत जाणाऱ्यांवर, आणि माणूस आतून बाहेर आला! पेस्किएला बोटीवर सावरकर आहेत हे ठाऊक होतं, अशी नोंद लवादानं केली. त्यानं केलेल्या कृत्याला त्याच्या वरिष्ठांनी बोट सुटेपर्यंत नाकारलं नाही, हीही. तेव्हा फ्रेंच पोलिसांची मदत आहे असं इंग्रज पोलिसांनी समजणं स्वाभाविक होतं. फसवणूक नाही, बळजबरी नाही, फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंग नाही. आणि गंमत बघा, पॅरिसच्या पोलिसप्रमुखानं त्या पत्राला उत्तर धाडलं, कोणतीही भानगड होऊ नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत असं, तर त्या उत्तरावर तारीख ९ जुलै. भानगड होऊन एक दिवस उलटला होता.

मग शेवटचं वाक्य येतं, जे पुढे जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेलं. त्याचा आशय असा: पकडण्यात आणि हवाली करण्यात अनियमितता झाली हे खरं, पण परकी देशाच्या नोकरानं चुकून माणूस दिला म्हणून ज्याच्या ताब्यात तो आहे त्यानं परत द्यावा, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही.

आपल्याकडे या निवाड्याला सरसकट पक्षपाती म्हणतात. मला तसं वाटत नाही. विचारलेल्या प्रश्नाला लवादानं दिलेलं उत्तर त्या काळच्या कायद्यात बसतं. फ्रान्सचा माणूस फ्रान्सनंच दिला, मग फ्रान्सनं तक्रार कशी करायची? खोट आहे ती प्रश्नात. त्या प्रश्नात आसरा मागणारा माणूस नाही, धक्क्यावरून धावणारा माणूस नाही. आहे ती दोन सरकारांमधली मालाची पोच. पोच देताना सही चुकली, पण माल मिळाला, असं लवाद म्हणाला. १९६० मध्ये इस्रायलनं आइकमनला अर्जेंटिनातून पळवून आणलं, १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मेक्सिकोतून पळवलेल्या डॉक्टरचा खटला आला, तेव्हाही न्यायालयांनी हीच जुनी वाट धरली: आणला कसा ते विचारू नका, आणला आहे ना?

फ्रेंच सरहद्दीला तेव्हा हिंदी माणसासाठी किंमतच नव्हती असं मात्र समजू नका. ज्या साली मार्सेलिसच्या हवालदारानं सावरकरांना परत केलं, त्याच साली एप्रिलमध्ये अरविंद घोष चंद्रनगरमार्गे पाँडिचेरीत पोहोचले आणि जन्मभर तिथेच राहिले. सुब्रह्मण्य भारती आधीपासून तिथे होते, लंडनहून निसटलेले व्ही. व्ही. एस. अय्यर त्याच वर्षी आले. ब्रिटिश हेर पाँडिचेरीच्या गल्ल्यांत फिरत, घरांवर नजर ठेवत, पण उचलून नेऊ शकत नव्हते. उलट आपल्याकडे बघा. रँडच्या खुनानंतर बाळकृष्ण चापेकर निजामाच्या मुलखात लपले. ती हद्द त्यांना काही काळ आडोसा देऊ शकली, आसरा देऊ शकली नाही. संस्थानांच्या हद्दी नकाशावर रंगवलेल्या असत. रेसिडेंटनं शब्द टाकला की त्या ओलांडायला तहाची गरज उरत नसे. बाळकृष्ण पुण्यात आणले गेले आणि १२ मे १८९९ ला फासावर गेले. त्यांच्यासाठी हेग भरलं नाही, कारण निजामाला हेगला जाण्याची मुभाच नव्हती.

शेवटी एक तर्क मांडतो, तर्क म्हणूनच घ्या. समजा लवादाचा निकाल उलटा लागला असता. ‘परत द्या’ असं ठरतं तर इंग्लंडला सावरकरांना फ्रान्सच्या हवाली करणं भाग होतं. मग इंग्लंडनं दुसऱ्याच दिवशी १८७६ च्या तहाखाली रीतसर मागणी केली असती, खुनाला साहाय्य, वीस पिस्तुलं, अमीनची साक्ष, सगळं दप्तर जोडून. सावरकर कोठडीतून वकील देऊन म्हणाले असते की हा गुन्हा राजकीय आहे. आणि मग नाशिकच्या नाटकगृहातल्या त्या रात्रीचं खरं स्वरूप काय, तो खून होता की युद्धाचा भाग होता की दोन्ही, हे एका तिऱ्हाईत न्यायालयाला दोन्ही बाजू ऐकून ठरवावं लागलं असतं. बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटपुढे तो प्रश्न कायद्यात बसत नव्हता. मुंबईच्या खास मंडळापुढे तो निघाला असता तर तो आणखी एक पुरावा ठरला असता. हेगला तो विचारलेलाच नव्हता. जॅक्सन यांच्या घरच्यांना काय, कान्हेरेंच्या घरच्यांना काय, त्याचं उत्तर कोणत्याही न्यायालयाकडून मिळालं नाही. ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ बोट अंदमानला लागली, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांच्याच फाइलीतून निघून गेलेला होता.